वायरलेस इअरबड्सचा आवाज बिघडल्यास काय तपासावे

इअरबड्सचा आवाज खराब झाला, एवढ्यावरून उपाय ठरवता येत नाही. दबलेला आवाज, मध्येच तुटणारा आवाज आणि एकाएकी पातळ, चपटा झालेला आवाज ही तीन निरनिराळ्या बिघाडांची लक्षणे आहेत. म्हणून फोनमध्ये उतरवून ठेवलेले, आपल्या चांगल्या ओळखीचे एखादे गाणे आधी नेहमीच्या फोनवर ऐकावे आणि मग तेच इअरबड्स दुसऱ्या फोनला जोडून ऐकावे. दोष दोन्हीकडे सारखाच आढळला तर तो बहुधा इअरबड्समध्येच असतो. एकीकडेच आढळला तर त्या फोनच्या सेटिंग्ज किंवा जोडणी तपासावी.

आवाज दबलेला असेल किंवा एका कानात कमी येत असेल, तर प्रथम इअरबडच्या तोंडावरची जाळी पाहावी. कानातला मळ तिच्यात हळूहळू साचत जातो, त्यामुळे आवाज केव्हा मंदावला हे लक्षातही येत नाही. सिलिकॉनची टोपी काढून, जाळीचे तोंड खाली धरून, कोरड्या मऊ ब्रशने मळ अलगद झाडावा. टाचणी किंवा सुई मुळीच वापरू नये, कारण जाळी फाटली तर मळ थेट आत जातो. टोप्या मात्र साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवता येतात.

खर्ज हरवला असेल तर टोपीचे माप तपासावे. गाणे चालू असताना इअरबड बोटाने किंचित आत दाबल्यावर खर्ज भरून आला, तर टोपी कानात घट्ट बसत नाही असे समजावे. दोन्ही कानांची मापे सारखीच असतात असे नाही, त्यामुळे डाव्या आणि उजव्या कानात वेगळ्या मापाच्या टोप्या वापरायला काहीच हरकत नाही. माझ्या मते हा सर्वांत सोपा आणि सर्वाधिक दुर्लक्षित उपाय आहे.

कॉल सुरू होताच किंवा संगणकावर मीटिंग उघडताच आवाज पातळ होत असेल, तर इअरबड्स निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक. जुन्या ब्लूटूथ पद्धतीत संगीतासाठी एक आणि संभाषणासाठी दुसरी अशा वेगळ्या व्यवस्था आहेत. इअरबड्सचा मायक्रोफोन वापरात येताच दुसरी व्यवस्था लागू होते, स्टिरिओचा मोनो होतो (दोन्ही कानांत एकच आवाज येतो) आणि आवाजाचे नमुने, म्हणजे त्याची घेतलेली मोजमापे, सेकंदाला ४४,१०० ऐवजी ८,००० किंवा १६,००० एवढेच उरतात. अशा वेळी मीटिंगच्या सेटिंग्जमध्ये मायक्रोफोन म्हणून संगणकाचा स्वतःचा मायक्रोफोन निवडावा आणि ऐकण्यासाठी इअरबड्स तसेच ठेवावे. पार्श्वभूमीवर मायक्रोफोन अडवून बसलेले एखादे ॲप असेल तर तेही बंद करावे.

आवाज तुटत असेल तर कारण बहुतेकदा हवेत असते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि त्याच पट्ट्यात बरेच वाय-फाय राउटर आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात. मानवी शरीरही या लहरी बरेच शोषून घेते, त्यामुळे मागच्या खिशातला फोन पुढच्या खिशात घेतल्यानेसुद्धा फरक पडू शकतो. राउटरमध्ये सोय असल्यास फोन किंवा संगणक ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडावा. इअरबड्स एकाच वेळी दोन उपकरणांना जोडलेले असतील तर एक जोडणी तोडून पाहावी.

कोडेकला, म्हणजे आवाज आटोपशीर करून ब्लूटूथवरून पाठवण्याच्या पद्धतीला, हात सर्वांत शेवटी लावावा. एसबीसी हा कोडेक जवळजवळ सर्वत्र चालतो. एएसी, ॲप्टएक्स किंवा एलडीएसी हे इतर कोडेक फोन आणि इअरबड्स या दोघांनाही येत असतील तरच उपयोगी पडतात. एलडीएसीचा सेकंदाला ९९० किलोबिट हा वरचा वेग गर्दीच्या ठिकाणी टिकत नाही, तेव्हा तुटणारा उत्तम आवाज सहन करण्यापेक्षा खालचा वेग निवडणे शहाणपणाचे. फोन आणि ॲप या दोन्ही ठिकाणचे इक्वलायझर (खर्ज आणि वरचे स्वर कमी-जास्त करण्याची सोय) एकदमच चालू असतील तर आवाज फाटू शकतो. त्यांपैकी एक बंद ठेवावा.

एवढे करूनही दोष राहिला तर फोनच्या यादीतून इअरबड्स काढून टाकावे, कंपनीच्या पुस्तिकेनुसार रीसेट करून पुन्हा जोडावे आणि फर्मवेअर (इअरबड्सच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे. त्यानंतरही दोन्ही फोनवर एकच बाजू खरखरत असेल तर आतला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, बिघडल्याची शक्यता मोठी असते. तेव्हा इअरबड घरी उघडू नये, वॉरंटीची मुदत तपासून सेवा केंद्रात द्यावा.