टीव्ही नवा, तरी चित्र धूसर? घरी एचडी टीव्ही घेताना या चुका टाळा

दिवाळी झाली आणि इंदूरच्या रामबागेतून मावशीचा फोन आला. "अरे, पंचावन्न इंची घेतलाय, पण सगळ्यांचे चेहरे मेणाचे दिसतात. जुनाच बरा होता. दुकानदार परत घेईल का रे?" संध्याकाळी गेलो. टीव्ही उत्तम होता. मागे हात घालून पाहिलं, तर सेट-टॉप बॉक्समधून निघालेली पिवळी-लाल-पांढरी जुनी वायर नव्या टीव्हीत खोचलेली. बॉक्स एचडी होता. त्याच्याबरोबर आलेली, एचडी चित्र नेणारी एचडीएमआय केबल मात्र पिशवीत गुंडाळलेली, तशीच कपाटात पडून होती.

नातेवाइकांत कोणाला टीव्ही घ्यायचा असला की मला बरोबर नेतात, आणि काही बिघडलं की मलाच बोलावतात. त्यातल्या बऱ्याच तक्रारी टीव्हीच्या नसतातच. चित्र आपल्या डोळ्यांपर्यंत पाच-सहा टप्पे ओलांडून येतं: वाहिनी, बॉक्स, वायर, पडदा, सेटिंग, आणि आपण बसतो ती जागा. यातला सगळ्यात कच्चा टप्पा जेवढा चांगला, तेवढंच चित्र चांगलं. दुकानात मात्र आपण सगळा वेळ पडद्यावरच घालवतो.

आधी वायर आणि वाहिनी पाहा

पिवळ्या पिनेच्या वायरीतून एचडी चित्र जाऊच शकत नाही. तिच्यातून जातं ते साधं, म्हणजे एसडी चित्र: ७२० × ५७६, सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके. ४के पडद्यावर ३८४० × २१६० ठिपके असतात, जवळजवळ ८३ लाख. भागाकार करून पाहा, बरोबर २० येतो. आलेल्या एका ठिपक्यावरून टीव्हीला वीस ठिपके भरायचे असतात, आणि ते तो अंदाजाने रंगवतो. मावशीला दिसणारं मेण ते हेच. २१ इंची जुन्या टीव्हीवर हेच चित्र चांगलं दिसायचं, कारण पडदाच लहान होता.

केबल बदलली आणि क्रिकेट एकदम लख्ख दिसायला लागलं. मराठी मालिका मात्र तशीच धूसर. हे दुखणं आपल्या इंदूरकडचं आहे. इथले पॅक हिंदी घरांचा विचार करून बांधलेले असतात, मराठी वाहिन्या आपण वेगळ्या सांगून घेतो, आणि सांगताना स्वस्त पडते म्हणून एसडी वाहिनी घेतली जाते. मावशीकडेही तेच होतं. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या आहेत. फेब्रुवारी २०१९ पासून आपल्याला हवी ती वाहिनी सुटी निवडता येते. घरात रोज ज्या दोन-तीन वाहिन्या लागतात तेवढ्या एचडीत करून घ्या, बाकीच्या राहू द्या. एवढ्याने जो फरक पडतो, तो टीव्हीवर जास्तीचे दहा हजार घालूनही पडत नाही.

आता बॉक्सच्या सेटिंगमध्ये जा. चित्राचं रिझोल्यूशन ५७६ वर असेल तर १०८० करा, आणि टीव्हीचा आकार ४:३ असेल तर १६:९. माणसं बुटकी, जाडी दिसत असतील तर ही दुसरी सेटिंग चुकलेली असते. बातम्यांची खालची पट्टी अर्धी कापली जात असेल तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा अशाच नावाचा पर्याय असतो, तो चालू करा.

इंच किती, हे भिंत सांगेल

टीव्हीचा इंच म्हणजे पडद्याची तिरपी लांबी. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ उंच असतो, तर ५५ इंची १२२ रुंद आणि ६९ उंच. आकडे ऐकून काही कळत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून त्या मापाचा कागद कापा, भिंतीवर लावा आणि दोन दिवस राहू द्या. सगळे जिथे बसतात तिथून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. तिरप्या लांबीच्या दीडपट ते अडीचपट अंतर सोयीचं असतं. म्हणजे ४३ इंचीसाठी साधारण साडेपाच ते नऊ फूट आणि ५५ इंचीसाठी सात ते साडेअकरा फूट. 'मोठा टीव्ही जवळून पाहिला की डोळे जातात' ही जुन्या डब्याच्या टीव्हीच्या काळातली भीती आहे. पण आठ फुटांच्या खोलीत ६५ इंची लावून एसडी वाहिन्या बघणं मात्र खरंच त्रासाचं आहे.

डोळ्याची ताकदही मोजून घ्या. ४३ इंची फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८०, पडद्याचे ठिपके सहा फुटांपलीकडे चांगल्या नजरेलाही सुटे दिसत नाहीत. दहा फुटांवर बसणाऱ्या घरात ४३ इंचीमध्ये फुल एचडी आणि ४के यांतला ठिपक्यांचा फरक ओळखू येत नाही. तसंच बेडरूममधला ३२ इंची टीव्ही सहा फुटांवरून पाहायचा असेल तर एचडी रेडी, म्हणजे १३६६ × ७६८, पुरतो. तिथे वाचलेले पैसे आवाजासाठी ठेवा.

अजून एक जुना सल्ला लोक देतात: 'बत्तीसच्या वर घेऊ नका, टॅक्स जास्त लागतो.' १ जानेवारी २०१९ पासून ते खरं होतं. ३२ इंचांपर्यंत १८ टक्के जीएसटी, त्यापेक्षा मोठ्यावर २८. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरही १८ टक्केच आहे.

दुकानातल्या झगमगाटाला भुलू नका

महाराणी रोडवर एकेका दुकानात वीस-वीस टीव्ही एका ओळीत चालू असतात. वर ट्यूबलाइटचा लखलखाट, आणि प्रत्येक पडद्यावर तीच फुलं, तोच पोपट, तेच कापलेलं कलिंगड. ते चित्रण टीव्ही विकण्यासाठीच केलेलं असतं आणि टीव्ही सगळ्यात भडक मोडवर ठेवलेला असतो. अशा उजेडात जो पडदा जास्त निळसर आणि चमकदार, तोच चांगला वाटतो. घरी रात्री दिवे मालवले की तोच डोळ्यांना टोचतो.

माझी पद्धत सांगतो. मी पेनड्राइव्हवर घरच्या गणपतीच्या आरतीचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ नेतो. खोलीत अंधार, समईचा उजेड, आईची जांभळी पैठणी, आणि सगळे ओळखीचे चेहरे. पोपट खरा कसा दिसतो ते मला ठाऊक नाही, पण आईचा वर्ण आणि त्या पैठणीचा रंग पक्का ठाऊक आहे. दुकानदाराला पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' करायला सांगायचं आणि हा व्हिडिओ लावायचा. समईमागचा अंधार काळा दिसतो की राखाडी? चेहरा तांबडा तर नाही ना पडत? मग बाजूला सरकून तिरपं पाहायचं. आपल्याकडे कोणी दिवाणावर बसतं, कोणी जमिनीवर, कोणी कडेच्या खुर्चीत. पॅनेल म्हणजे टीव्हीचा मूळ पडदा, त्याच्या दोन मुख्य जाती. व्हीए जातीच्या पॅनेलवर समोरून काळा रंग खोल दिसतो, पण कडेने रंग फिके पडतात. आयपीएसचं उलट: कडेनेही रंग टिकतात, मात्र अंधारात काळा जरा राखाडी वाटतो. पॅनेल कोणतं हे विक्रेत्याला बरेचदा सांगता येत नाही, आपल्या डोळ्यांना कळतं.

शेवटी त्याच टीव्हीवर एक साधी एसडी वाहिनी लावून मागा. चांगला टीव्ही वाईट चित्र कसं सांभाळतो ते तिथेच दिसतं.

नावांचा गोंधळही इथेच मिटवून घ्या. एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीच, मागून उजेड एलईडीचा. क्यूएलईडीसुद्धा एलसीडीच, रंग सुधारणारा थर घातलेला. ओएलईडी मात्र खरंच वेगळा: प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा म्हणजे पूर्ण बंद. रात्री चित्रपट पाहणाऱ्यांना त्याच्यासारखं सुख नाही. पण घरात आबा सकाळपासून रात्रीपर्यंत एकच बातम्यांची वाहिनी लावून बसत असतील, तर तिच्या चिन्हाचा आणि खालच्या पट्टीचा डाग त्या पडद्यावर कायमचा उमटू शकतो. अशा घराला मी ओएलईडी घेऊ देत नाही.

एचडीआरचा, म्हणजे उजळ आणि अंधारे भाग एकाच चित्रात नीट दाखवण्याचा, शिक्का हल्ली स्वस्तातल्या टीव्हीवरही असतो. पडदाच मंद असेल तर त्या शिक्क्याचा उपयोग नाही. 'मोशन रेट २००' सारखे आकडेही सोडून द्या. पॅनेल खरोखर ६० हर्ट्झचं की १२० चं, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं, एवढंच विचारा.

घरी आल्यावर पहिल्या तासात

पहिल्यांदा चालू करताना टीव्ही विचारतो, घरी वापरणार की दुकानात? घाईत 'स्टोअर' दाबलं गेलं तर चित्र कितीही सुधारा, थोड्या वेळाने पुन्हा भडक होतं आणि मधूनच जाहिरातीच्या पट्ट्या येतात. सेटिंगमध्ये जाऊन 'होम' करा. चित्र आपोआप अंधारत असेल तर ऊर्जाबचतीचा किंवा उजेड ओळखणारा पर्याय चालू असतो.

चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो, किंवा होळकर स्टेडियमवरचा सामना पाहताना चेंडूमागे धुराची शेपटी दिसते, अशी तक्रार मला नेहमी येते. टीव्ही दोन चित्रांमध्ये स्वतःची चित्रं घालत असतो, म्हणून असं होतं. सोनीत याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी. बंद करून पाहा, मग हवं तर थोडं वाढवा.

आवाजाकडे कोणी लक्ष देत नाही आणि त्रास होतो तो घरातल्या वयस्कर माणसांना. पातळ टीव्हीचे स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून असतात. संगीत दणदणतं, संवाद मात्र ऐकू येत नाहीत. साउंड मोडमध्ये 'क्लिअर व्हॉइस' असेल तर तो लावा. सेट-टॉप बॉक्सचा स्वतःचा आवाज कमी ठेवलेला नाही ना, तेही पाहा. साउंडबार जोडलात तर टीव्हीच्या ज्या एचडीएमआय भोकावर 'एआरसी' लिहिलंय त्यातच जोडा. तरीही संवाद दबलेले वाटले तर डिजिटल आवाजाची सेटिंग 'पीसीएम' करून पाहा.

ओटीटी अडखळत असेल तर टीव्हीला दोष देण्याआधी राउटर कुठे आहे ते बघा. ४के साठी इंटरनेटचा १५ ते २५ एमबीपीएस वेग सलग मिळावा लागतो. मध्ये दोन जाड भिंती असतील तर सरळ लॅनची वायर टाका.

भिंत, वीज आणि फडकं

टीव्ही कपाटाच्या वर, छताजवळ लावू नका. बसल्यावर नजर जिथे सरळ जाते, पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा. राजवाड्याच्या आजूबाजूच्या जुन्या घरांत माती-चुन्याच्या भिंती असतात. तिथे खिळ्याची पकड सुटते, म्हणून स्टँडवर ठेवणं बरं. समोर खिडकी असेल तर दुपारी तिचंच प्रतिबिंब पडद्यावर दिसेल, तेव्हा कागद लावून बघताना हेही पाहून घ्या.

स्टॅबिलायझर दुकानदार हमखास गळ्यात मारतो. टीव्हीच्या पाठीवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर त्याची सहसा गरज नसते. चांगला स्पाइक गार्ड आणि नीट अर्थिंग असलेला प्लग पुरतो. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा, आणि डिशच्या छत्रीची किंवा केबलची वायरही काढा. ती विसरल्यामुळे गेलेले दोन टीव्ही मी पाहिले आहेत.

खोकं आणताना उभंच आणा, रिक्षात आडवं टाकू नका. उघडताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि बसवणाऱ्यासमोरच पूर्ण पांढरं व पूर्ण काळं चित्र लावून मेलेले (कायम बंद पडलेले) ठिपके, चिरा, कोपऱ्यातून झिरपणारा उजेड पाहा. पॅनेल हाच टीव्हीचा सगळ्यात महाग भाग असतो आणि फुटलेल्या पॅनेलला वॉरंटी लागू होत नाही.

आणि पुढच्या दिवाळीची साफसफाई. ओलं फडकं किंवा काच पुसायचा फवारा पडद्यावर मारू नका. थेंब ओघळून खालच्या कडेतून आत शिरतो, तिथे पॅनेलचे नाजूक जोड असतात, आणि मग उभ्या रेघा येतात. टीव्ही बंद करून गार होऊ द्या, आणि चष्मा पुसायच्या मऊ कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसा. डाग हट्टी असेल तर पाणी कापडावर घ्यायचं, तेही पिळून. मावशीच्या टीव्हीखाली आता असं एक कापड घडी घालून ठेवलेलं असतं, आणि ते दुसऱ्या कशालाही वापरायची घरात कोणाला परवानगी नाही.