कंपनीची रायफल न उघडता जोखायची तयारी

पोळ्याच्या आसपास शालेय नेमबाजीची वेळापत्रकं लागतात आणि ओपन साइटमध्ये, म्हणजे साध्या खाचेतून नेम धरायच्या गटात, उतरणाऱ्या पोरांच्या वडिलांचे फोन सुरू होतात. छर्ऱ्याची एअर रायफल कुठं ट्यून करून मिळेल? परभणी असो की बीड, एखादा मेस्त्री सापडतोच. तो कडक स्प्रिंग टाकून देतो, ट्रिगर घासून हलका करतो आणि वर ‘आता लांब मारंल बघा’ म्हणून सांगतो. लांब मारून करायचंय काय? टार्गेट दहा मीटरवर आहे. ऑलिम्पिकला चालणाऱ्या मॅच रायफलीतूनसुद्धा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरच्या आसपासच निघतो. म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याला साडेसात ज्यूलच्या जवळपास ऊर्जा, बस्स. कडक स्प्रिंगनं धक्का वाढतो, गुण वाढत नाहीत. तेव्हा तयारीतलं पहिलं काम म्हणजे मेस्त्रीकडं न जाणं. रायफल कंपनीतून आली तशीच राहू द्या आणि ती किती जुळवून मारते ते आधी बघा.

बघायचं ते मिलिमीटरमध्ये. तुमच्या गटाला कोणतं कार्ड लागतं ते नियमपत्रकात वाचून घ्याच, पण घरच्या जोखणीला आंतरराष्ट्रीय १० मीटर रायफलचं कार्ड वापरा, कारण ते लाड करत नाही. त्यावर दहाचं वर्तुळ म्हणजे ०.५ मिमीचा ठिपका, नऊचं ५.५ मिमीचं. छर्रा ४.५ मिमीचा, आणि छिद्राची कड रेषेला टेकली तरी आतला गुण मिळतो. म्हणजे छिद्राचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून २.५ मिमी सरकला तरी दहा, ५ मिमी सरकला तरी नऊ. आता पाच छर्रे मारा आणि सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडा मोजा. शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर मागून आणला तर उत्तम. १४ मिमी भरलं तर त्यातून ४.५ वजा करा, ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पसारा, ९.५ मिमीचा झाला. साइट मध्यावर बसवल्यावर अशी रायफल नऊच्या बाहेर क्वचितच जाईल, आणि पहिल्या मोसमाला एवढं पुष्कळ आहे. तीन छर्ऱ्यांचा ग्रुप मोबाइलवर मिरवायला बरा. त्यावरून रायफलीचं काहीच कळत नाही. पाच-पाचची तीन कार्डं तरी हवीतच.

महागड्या जर्मन मॅच रायफलींसोबत कारखान्याचं टेस्ट कार्ड येतं. शिकंज्यात धरून मारलेले छर्रे असतात ते, जवळजवळ एकच भोक दिसतं. आपल्या स्प्रिंगच्या रायफलीसोबत तसलं काही येत नाही, ते कार्ड आपणच तयार करायचं. त्यासाठी खरा खर्च छर्ऱ्यांवर करा. चपट्या तोंडाचे मॅच छर्रे घ्या, भोक स्वच्छ गोल पडतं. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. हा डोक्याचा व्यास. एकाच कारखान्याच्या दोन नळ्यांना वेगवेगळा डबा मानवतो, त्यामुळं शेजारच्या पोराचा डबा चालला म्हणून तोच उचलू नका. चार-पाच घरांनी मिळून वेगवेगळे डबे घेतले तर सगळ्यांचंच भागतं. प्रत्येक डब्याचे आधी दहाएक छर्रे सरावाला मारून नळी बसू द्या, मग कार्ड लावा. कडा चेपलेला छर्रा बाजूला काढा. आणि डबे बदलत असताना साइटला अजिबात हात लावायचा नाही. ग्रुप कोपऱ्यात पडला तर पडू दे, आधी लहान होऊ दे, मध्यावर आणायचं काम नंतरचं.

याआधी रायफलीची साधी निगा. नव्या नळीत कारखान्याचं तेल असतं. नायलॉनच्या दोऱ्याला सुती कापडाचा बोळा बांधून मागून पुढं ओढून घ्या, कोरडं निघेपर्यंत. पहिल्या काही छर्ऱ्यांना धूर निघतो, आवाजही मोठा होतो. आतलं वंगण जळतंय, घाबरू नका, पण वरून आणखी तेल मात्र सोडू नका. नळी मोडून भरायची रायफल असेल तर जोडावर टिश्यूचा तुकडा ठेवून एक छर्रा मारा. कागद उडाला तर हवा गळतेय, आणि हे काम मेस्त्रीचं नाही, विक्रेत्याकडून वॉरंटीत करून घ्यायचं. रिकामी रायफल कधीही चालवायची नाही, पिस्टन सरळ जाऊन आपटतो.

सगळ्यात जास्त गुण खातात ते लाकडी दस्ता धरून ठेवणारे स्क्रू. पुढं दोन्ही अंगाला एकेक आणि ट्रिगर गार्डपाशी एखादा, बहुतेक रायफलींना असेच असतात. प्रत्येक छर्ऱ्यागणिक धक्का बसतो आणि ते कणाकणानं सैल होतात. वर आपल्याकडं उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. बरोबर मापाच्या पेचकसानं एकसारखे आवळा, आणि स्क्रूच्या डोक्यावरून थेट लाकडापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. ग्रुप अचानक पसरला तर पोराला रागवायच्या आधी ही रेघ बघा.

धरायची पद्धत हा अर्धा निकाल. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नळीत असतानाच पिस्टन पुढं धावतो, आपटतो आणि रायफल हलायला लागते. घट्ट आवळून धरली की ती दर वेळी वेगळी हलते. जोखताना नळीखाली वीट किंवा टेबलाची कड नको. कोपर मऊ पोत्यावर, तळहात उघडा, रायफल त्यावर नुसती टेकलेली, हात दर वेळी त्याच जागी. तरीही ग्रुप जमेना तर चांगल्या हाताच्या कुणाकडून तेच कार्ड मारून घ्या. त्याचाही तेवढाच पसरला तर डबा बदला. त्याचा लहान आला तर सराव वाढवा.

कोल्हापूरकडं तेजस्विनी सावंतनं २०१० ला जागतिक अजिंक्यपद आणलं, स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसचं कांस्य. आपल्याकडं रेंज मोजक्या, त्यातल्या काही पत्र्याच्या शेडखाली. म्हणून जोखणी सकाळी करा, दुपारच्या वाऱ्यात कार्ड फडफडतं आणि उजेड फिरला की ओपन साइटमधला नेमही सरकल्यासारखा वाटतो. कार्डामागं छर्रा अडवणारा लोखंडी ट्रॅप हवा, वाड्याची दगडी भिंत नव्हे. रायफल उन्हात गाडीत ठेवून आणली असेल तर सावलीत जरा निवू द्या. छर्रे शिशाचे, खायच्या आधी हात धुवा.

विभागीयला मराठवाडा एक्सप्रेसनं निघणार असाल तर रायफल बंद पिशवीत, स्प्रिंग ताणलेली नसलेली, आणि बिलाची प्रत सोबत. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिमी आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, पण गाडीत विचारणाऱ्याला बिल आणि शाळेचं पत्र दाखवलं की बोलणं लवकर संपतं. रेंजवर नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण, लागतो, एअर रायफलीचा तर नळीच्या पूर्ण लांबीचा. त्यासाठी कृषी सेवा केंद्रात ब्रश कटरची नारिंगी नायलॉन तार मिळते, नळीत सैल जाईल अशी बारीक बघून घ्या आणि दोन्हीकडं बाहेर येईल एवढी कापा. जमलेल्या डब्याचा लॉट नंबर कार्डामागं लिहून ठेवा आणि त्याच लॉटचे आणखी दोन डबे आत्ताच घेऊन ठेवा, स्पर्धेच्या आठवड्यात दुकानात ते नसतात.