भोक पडलेले रुपये मोडीत देण्याआधी

आजेसासूबाईंच्या रुपयांच्या माळेत तेवीस नाणी. एकवीस नाण्यांना डाग देऊन (झाळून) कड्या जोडलेल्या, उरलेल्या दोहोंना सरळ भोकंच. अशी नाणी जमवणारे सहसा घेत नाहीत, म्हणून मोडीत द्यायचं ठरवलं. पहिल्या सराफाने माळ सुतासकट काट्यावर टाकली आणि म्हणाला, "सरसकट पन्नास टंच धरू." म्हणजे शंभरात पन्नास भाग चांदी. मी माळ उचलली आणि घरी आले. माझे मामा विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे, उभा जन्म भट्टीपुढे. फोनवर म्हणाले, "आधी सालं वाच. मुशीत वितळल्यावर राणी काय नि राजा काय!"

म्हणून पहिलं काम घरीच, भिंग घेऊन. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा, आणि त्यात चांदी 91.7 टक्के. 1940 ते 1945 चा सहाव्या जॉर्जचा रुपया वजनाला तेवढाच, पण चांदी निम्मी. साल झिजलं असेल तर कड बघा. युद्धकाळातल्या या रुपयाच्या कडेवर मधोमध नक्षीची खाच फिरलेली असते. 1947 चा निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. तो ढिगातून काढा. आणि 1939 चा निघाला तर भोक असलं तरी मोडीत घालू नका. तो दुर्मीळ आहे, आधी जाणकाराला दाखवा.

चिंच लावून घासत बसू नका. वितळवायच्या चांदीला चकाकीचे पैसे मिळत नाहीत.

माझ्याकडे जुने चौदा निघाले, निम्म्या चांदीचे नऊ. कड्या कापून घेतल्यावर जुन्यांचं वजन 158 ग्रॅम भरलं (झिजेमुळे पूर्ण तोळा भरत नाही), निम्म्या चांदीच्या नऊंचं 103. आता गुणाकार: 158 ला 0.917 ने, 103 ला 0.5 ने. चोख चांदी झाली सुमारे 196 ग्रॅम. सरसकट पन्नास टंचाने हीच 130 धरली गेली असती. सहासष्ट ग्रॅम हवेत!

दुकानात दोन्ही ढीग वेगळे ठेवा, वेगळेच तोलायला सांगा. त्या दिवसाचा किलोचा भाव विचारा, हजाराने भागा, चोख ग्रॅमांनी गुणा. तो आकडा कागदावर लिहूनच बोलणी सुरू करा. सराफ त्यातून घट कापणारच. त्याला आटणीचा (वितळवण्याचा) खर्च असतो, डागातली हलकी धातूही वजनात येते. किती टक्के घट, हे नाणी त्याच्या हातात द्यायच्या आधी ठरवा. टंच मशीनवर लावणार असेल तर नाणं कापून, डाग नसलेल्या कापलेल्या जागी लावायला सांगा, वरच्या पृष्ठभागाचा आकडा फसवा असू शकतो. पावतीवर दोन्ही वजनं आणि दोन्ही टंच वेगवेगळे लिहून घ्या.

कापलेल्या कड्या परत मागा. आमच्या एकवीस कड्या चांदीच्याच निघाल्या, त्या मी डबीत ठेवल्यात.