युद्धकैद्यांच्या छावणीचे अवशेष शोधताय? आधी या चुका टाळा

गावाबाहेर माळावर ओळीनं जोती दिसली, दोन काँक्रीटचे खांब सापडले, कुणीतरी "इथे गोरे कैदी होते" म्हणालं, की आठवड्याभरात "आमच्या गावातली युद्धकैदी छावणी" म्हणून फोटो फिरायला लागतात. कागद एकही पाहिलेला नसतो. पुढच्या चुका महाराष्ट्रात आणि आसपास इतक्या वेळा होतात की आता त्या पाठ झाल्या आहेत.

कैदी कोण होते हे न ठरवता शोध सुरू करणं

सगळ्या घोळाचं मूळ हेच. युद्धकैदी म्हणजे पकडलेला सैनिक. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून डांबलेला जर्मन मिशनरी किंवा व्यापारी हा नजरकैदी. आणि निर्वासित हा तर कैदीच नव्हे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 ते 1948 या काळात पोलिश निर्वासित राहिले. बायका, मुलं, शाळा असं सगळं तिथे होतं. तरी आजही कुणीतरी त्याला बेधडक "पोलिश युद्धकैद्यांचा कॅम्प" लिहितोच. सातारा आणि पुरंदरला दुसऱ्या महायुद्धात पॅरोल केंद्रं (तारेच्या कुंपणाऐवजी शब्दावर, सैल नजरेखाली ठेवण्याच्या जागा) होती, तिथे नजरकैदी कुटुंबांसह राहत. तीही युद्धकैदी छावणी नाही.

हा भेद काथ्याकूट वाटत असेल तर अभिलेखागारात जाऊन बघा. नजरकैद्यांचे कागद बहुतांशी गृह खात्याच्या फायलींत असतात, युद्धकैद्यांचे लष्करी बाजूला. चुकीच्या खात्याच्या सूचीत महिनाभर डोकं घातलं की "सरकारनं सगळं दडपलंय" असा शोध लागतो. दडपलेलं काही नसतं, कपाट चुकलेलं असतं.

देवळाली आणि देवली एक समजणं

या चुकीवर जरा सविस्तर लिहायलाच हवं. नाशिकजवळची देवळाली ही ब्रिटिश सैनिकांची ये-जा करण्याची मोठी छावणी. 1941 मध्ये नगरहून हलवलेले जर्मन नजरकैदी काही महिने तिथे होते, मग त्यांना डेहराडूनजवळ प्रेमनगरला नेलं. राजस्थानातली देवली वेगळी. तिथे 1941 मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासह राजकीय कैदी होते. दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात ठेवलेले जपानी नागरिक 1943 मध्ये तिथे आले, आणि 1962 च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या भारतीयांनाही तिथेच डांबलं. रोमन लिपीत या दोन नावांत दोन अक्षरांचा फरक. टंकलेखकानं ती गाळली किंवा वाचणाऱ्यानं घाईत जोडली, की जपानी कैदी थेट नाशिक जिल्ह्यात येतात. मग देवळालीच्या एखाद्या जुन्या बराकीपुढे उभं राहून "इथे जपान्यांवर गोळीबार झाला" असं सांगितलं जातं. तो गोळीबार 1946 मध्ये राजस्थानातल्या देवलीत झाला. वर्ध्याची देवळी तर यात कुठेच नाही, पण तीही अधूनमधून ओढली जाते.

उपाय सोपा आहे आणि कंटाळवाणा आहे. प्रत्येक कागदावरून चार गोष्टी वहीत उतरवायच्या: जागेचं स्पेलिंग जसंच्या तसं, प्रांत किंवा संस्थान, जवळचं रेल्वे स्टेशन, आणि तारीख. चारपैकी एक जरी रिकामी असली तरी त्या कागदावरून जागा ठरवायची नाही. सूचीत शोधताना मात्र उलट करायचं, म्हणजे जितकी स्पेलिंगं सुचतील तितकी वापरायची. 'अहिल्यानगर' टाकून 1901 ची फाईल सापडणार नाही, तिथे जुनं नावच लागतं.

दिसणारी बराक कैद्यांचीच मानणं

छावणी रिकामी झाली की ती तशीच राहत नाही. भोपाळजवळच्या बैरागढला इटालियन युद्धकैदी होते. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. वळिवड्याच्या छावणीच्या जागी आज गांधीनगर आहे. उल्हासनगर ज्या कल्याण कॅम्पावर वसलं तो तर सैनिकांचा तळ होता, बराकी बघून फसू नका. नगरला तीन थर आहेत: 1901-02 चे बोअर (दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात ब्रिटिशांनी पकडलेले) युद्धकैदी, पहिल्या महायुद्धातले जर्मन, आणि 1939 नंतरचे नजरकैदी. वर 1942 ते 45 मध्ये किल्ल्यात ठेवलेले काँग्रेसचे नेते वेगळेच. नगरला सापडलेलं बटण यांतल्या कुठल्या थरातलं, हे बटण सांगत नाही.

म्हणून आधी मोजमाप, नंतर मत. तीस मीटरचा फीत टेप घ्या. जोत्याची लांबी, रुंदी, दोन्ही कर्ण, आणि शेजारच्या जोत्यापर्यंतचं अंतर लिहा. कर्ण जुळले नाहीत तर कोपरा ढासळलाय किंवा नंतर वाढवलाय. विटेची लांबी बघा: साधारण 19 सेंटिमीटरची मॉड्युलर (ठरवून दिलेल्या प्रमाण मापाची) वीट असेल तर ते बांधकाम स्वातंत्र्यानंतरचं. मात्र 23 सेंटिमीटरची वीट आजही भाजतात, तेव्हा तेवढ्यावरून 'जुनी' म्हणू नका. बराकी पाडल्या जातात, विटा पळवल्या जातात, पण गटारं आणि संडासांची काँक्रीटची लादी कुणी उचलून नेत नाही. मांडणी तिथूनच उलगडते. हे काम एप्रिल-मेमध्ये, सकाळी, ऊन तिरपं असताना करायचं. पावसाळ्यात गवतापलीकडे काही दिसत नाही.

मग ही मांडणी रेड क्रॉसच्या भेट-अहवालांशी ताडून पाहा. ते जिनिव्हाच्या अभिलेखागारात आहेत. बराकी, पाणी, संडास, दवाखाना यांचं वर्णन त्यांत येतं.

नकाशा चुकीच्या मापाचा

1:2,50,000 चा नकाशा फुकट मिळतो म्हणून सगळे तोच उघडतात. त्यावर अर्धा किलोमीटरची छावणी दोन मिलिमीटरची दिसते. एक इंचाला एक मैल या मापाच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या पत्रकावर तीच आठ मिलिमीटर. शिवाय जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गृहीतकावर) आहेत, मोबाइल डब्ल्यूजीएस 84 या आजच्या गृहीतकावर. महाराष्ट्रात हा फरक शंभर मीटरहून जास्त पडतो. अक्षांश-रेखांश जसेच्या तसे टाकलेत तर शेजारच्या शेतात खड्डे खणाल.

सातबाऱ्यावर जुना नंबर शोधणं. जुन्या कागदावर सर्व्हे नंबर असतो, आज गट नंबर. मध्ये जमिनींच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालंय, त्याचा उतारा काढा. लष्करी जमिनीसाठी सातबारा धुंडाळू नका, रक्षा संपदा कार्यालयातलं (लष्करी जमिनी सांभाळणारं खातं) जनरल लँड रजिस्टर, म्हणजे जमिनींची नोंदवही, विचारा.

म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उत्तर घालणं. "इथे इटालियन कैदी होते ना?" असं विचारलं की "होते की" असंच येणार. त्याऐवजी विचारा: बायका-मुलं होती का? बाजारात एकटे यायचे की पहाऱ्यात? तार किती ओळींची होती? पहिल्याच प्रश्नाच्या उत्तरात निम्मा निकाल लागतो.

कबरी नाहीत म्हणजे मृत्यू नाहीत असं मानणं. कबरी हलवतात. देशभरात मेलेल्या इटालियन कैद्यांचे अवशेष पुढे मुंबईत शिवडीच्या दफनभूमीत एकत्र केले गेले.

मेटल डिटेक्टर. हे खूळ घरी ठेवा. शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते, म्हणजे नगरच्या बोअर छावणीतली वस्तूसुद्धा. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू मिळाली तर 1878 च्या गुप्तधनाच्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि वस्तू उपटून घरी नेली की ती कुठल्या थरातून आली हे कायमचं गेलं. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत तर लेखी परवानगीशिवाय कॅमेरासुद्धा काढू नका, ड्रोनचं नावच नको.

गंजलेलं काडतूस किंवा गोळा दिसला तर हात लावायचा नाही, हलवायचा नाही, "फक्त फोटोपुरता" पुसायचाही नाही. लांबून जागा लक्षात ठेवा, मागे फिरा आणि 112 ला फोन करा.