अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल: गाडी घेण्याआधी नेमकं काय तपासाल?

साधा क्रूझ कंट्रोल ठरवलेला वेग धरून ठेवतो, पुढची गाडी हळू झाली की ब्रेक तुम्हालाच मारावा लागतो. अडॅप्टिव्ह प्रकार पुढच्या गाडीचं अंतर मोजून वेग स्वतः कमी-जास्त करतो. २०२० मध्ये तो एमजी ग्लॉस्टरसारख्या मोठ्या गाडीत मिळत होता. २०२४ च्या अखेरीस होंडा अमेझमध्येही आला. म्हणून तो आहे का एवढंच विचारून भागत नाही.

१. 'अडास' (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांचा संच) या शब्दावर विसंबू नका. २०२३ च्या ह्युंदाई व्हेन्यूत अडास होतं, पण त्यात अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल नव्हता. त्याच वर्षी टाटा हॅरियरला आधी अडास मिळालं आणि अडॅप्टिव्ह क्रूझ ऑक्टोबरच्या नव्या रूपात आला. सेकंड हँड गाडी घेताना तर वर्ष आणि व्हेरियंट दोन्ही पाहा. स्टिअरिंगवर अंतर कमी-जास्त करायचं बटण आहे का, हे स्वतः बघा. विक्रेत्याच्या तोंडी हमीपेक्षा ते बटण आणि गाडीचं मॅन्युअल जास्त भरवशाचं.

२. गिअर कोणता, ते विचारा. ऑटोमॅटिकमध्ये बहुधा गाडी पूर्ण थांबेपर्यंत यंत्रणा साथ देते. मॅन्युअलमध्ये वेग फार उतरला की ती सुटते, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये तिचा उपयोग नाही.

३. सेन्सर कुठे आहे? काहींत पुढच्या बंपरमागे किंवा ग्रिलमागे रडार असतो, होंडा सिटीत फक्त काचेमागचा कॅमेरा. काच बदलली किंवा बंपर ठोकला गेला, तर कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सर पुन्हा अचूक जुळवणं, करावं लागतं. ते तुमच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होतं का आणि खर्च किती, हे बुकिंगआधी विचारा. पुढे लोखंडी गार्ड बसवू नका. तो बेकायदा आहेच, शिवाय रडारच्या आड येतो.

४. टेस्ट ड्राइव्ह महामार्गावरच घ्या. ताशी १०० किमीला गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंदांचं अंतर ५५ मीटरच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या मोकळ्या जागेत कुणीतरी घुसणारच. तेव्हा गाडी किती जोरात ब्रेक मारते, हे अनुभवून पाहा, कारण ब्रेक जितका जोरात, तितका मागून येणाऱ्याला थांबायला कमी वेळ मिळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वेगात असताना लेनमध्ये उभा असलेला बंद ट्रक ही यंत्रणा ओळखेलच असं नाही; कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येही तसा इशारा असतो. रात्री दिवे नसलेला ट्रक, चाकाखाली लावलेले दगड, मागे टाकलेल्या फांद्या हे आपल्या महामार्गांवर रोजचं आहे. पाय ब्रेकजवळ आणि नजर रस्त्यावरच ठेवा. बोरघाटात तर क्रूझ बंदच करा: वळणावर पुढची गाडी सेन्सरच्या टप्प्यातून निसटली, तर तुमची गाडी ठरवलेल्या वेगाकडे पळू लागते.