काळ्या पडद्यावर माउस: लिनक्स कन्सोलमध्ये कॉपी-पेस्ट कसं करावं

रावेरजवळच्या एका केळीच्या वखारीत वजनकाट्याशेजारी जुना संगणक आहे. रॅम ५१२ एमबी, म्हणून डेस्कटॉप टाकलेलाच नाही. नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, म्हणजेच लिनक्सचा कन्सोल. मे महिन्यात पंख्याची गरम हवा खात मी त्याला नवी हार्डडिस्क जोडत होतो. डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे हायफन धरून ३६ चिन्हांचा ओळख क्रमांक, एका फाइलीत उतरवायचा होता. दोनदा हाताने टाइप केला, दोनदा चुकला, आणि दोन्ही वेळा मशीन सुरू होता होता अडकलं. काट्यावरचे दादा मान हलवून म्हणाले, "आते कसं व्हई भो?"

माउस जोडलेला होताच. त्याला कामाला लावायचं राहिलं होतं.

त्यासाठी लागतो 'जीपीएम' नावाचा छोटा प्रोग्राम. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल जीपीएम' ही कमांड द्या. (इथे उच्चार लिहिलाय, टाइप करताना सगळं इंग्रजी लहान अक्षरांत.) या दोन्हींवर तो बसताच सुरू होतो. माउस हलवला की पडद्यावर एक चौकोनी ठोकळा फिरायला लागेल. नाहीच दिसला तर आधी यूएसबीची पिन काढून घाला. आमच्याकडची धूळ पाहता निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आता कॉपी. डावं बटण दाबून मजकुरावरून ओढा. जेवढा भाग उलट्या रंगात दिसेल तेवढा कॉपी झाला. कंट्रोल-सी दाबायचं नाही, ते चालू प्रोग्राम बंद पाडतं. डबल क्लिकने शब्द निवडला जातो, तीन क्लिकने पूर्ण ओळ. पेस्ट मधल्या बटणाने, म्हणजे चाक खाली दाबून. जिथे कर्सर लुकलुकतोय तिथेच मजकूर पडतो, ठोकळा कुठेही असो. चाक नसलेला जुना दोन बटणांचा माउस असेल तर उजवं बटण पेस्ट करतं. तीन बटणांच्या माउसवर उजव्या बटणाचं काम वेगळं: केलेली निवड वाढवणं.

एक गोष्ट मात्र जपा. तीन क्लिकने घेतलेल्या ओळीच्या शेवटी बहुतेक वेळा एंटरही चिकटून येतो. ती ओळ कमांडच्या जागी पेस्ट केली, की तुम्ही वाचायच्या आत ती चाललेली असते. फाइल पुसणारी कमांड असेल तर बसा कपाळाला हात लावून. म्हणून मी कमांड नेहमी ओढून घेतो आणि शेवटच्या अक्षरावर थांबतो. शंका असेल तर आधी हॅशचं चिन्ह टाइप करतो आणि मग पेस्ट. ओळ एकच असेल तर ती नुसती टिप्पणी ठरते, चालत नाही.

वखारीत मग असं केलं. पहिल्या कन्सोलवर 'सुडो बीएलकेआयडी' देऊन क्रमांक पडद्यावर आणला. डबल क्लिक केलं तर निवड हायफनपाशी तुटत होती, म्हणून अवतरणचिन्हं सोडून ओढून घेतला. ऑल्ट-एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवर, म्हणजे तशाच दुसऱ्या काळ्या पडद्यावर, लॉगिन केलं. तिथे नॅनो या मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये 'एफएसटॅब' फाइल (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) उघडली आणि चाक दाबलं. निवडलेला मजकूर सगळ्या कन्सोलना सामाईक असतो, म्हणून हे जमतं. रीस्टार्ट करण्याआधी, त्या यादीतल्या डिस्क जोडून पाहणारी 'सुडो माउंट हायफन ए' ही कमांड दिली. पडद्यावर काहीच उमटलं नाही. इथे गप्प बसणं म्हणजे होकार.

विम या मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये पेस्ट करताना आधी इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे टाइप करायच्या अवस्थेत जा, नाहीतर प्रत्येक अक्षर कमांड समजलं जाईल. मिडनाइट कमांडरसारखा (फाइली हाताळणारा) प्रोग्राम माउस स्वतःकडे घेत असेल तर शिफ्ट दाबून ओढा. वर सरकून गेलेला मजकूर मात्र परत आणता येईलच असं नाही: लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या ५.९ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, कन्सोलवर शिफ्ट-पेजअपने मागे जायची सोय काढून टाकली आहे. लांबलचक आउटपुट 'लेस' या पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्राममधून पाहा आणि हवा तो भाग समोर आला की उचला.

घरून विंडोजवरच्या पुट्टीने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्राम) त्याच मशीनवर शिरत असाल तर जीपीएमचा काही संबंध नाही. तिथे ओढलं की कॉपी आणि उजवं बटण दाबलं की पेस्ट.

मराठी मजकुराच्या वाटेला मात्र इथे जाऊ नका. कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं जुळवणं त्याला येतच नाही. म्हणून काट्यावरच्या शेतकऱ्यांच्या नावांची यादी आम्ही त्या मशीनवर इंग्रजी लिपीतच ठेवली आहे.