मुलाखतीत उमेदवाराच्या टेस्ट कशा पारखाव्यात

सॉफ्टवेअर इंजिनीअर निवडताना उमेदवाराने किती टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम) लिहिल्या हे मोजण्यापेक्षा त्या टेस्ट कोणती चूक पकडतात हे पाहावे. त्यासाठी नियम सर्वांना ठाऊक असलेला, पण काठावर फसवणारा प्रश्न द्यावा. रुपयांची रक्कम लाख-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन छापणारे छोटे फंक्शन (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) या कामी उत्तम ठरते. टेस्टही तपासल्या जाणार आहेत, हे उमेदवाराला आधीच सांगावे. न सांगता त्यावरून गुण कापणे मला अन्यायाचे वाटते.

प्रथम त्याने निवडलेले आकडे पाहावेत. ५००, ५,००० आणि ५०,००० हे तिन्ही आकडे भारतीय व पाश्चात्त्य पद्धतीत सारखेच लिहिले जातात, त्यामुळे एवढ्यावरच थांबलेल्या टेस्ट मूळ मुद्द्याला स्पर्शही करत नाहीत. फरक १,००,००० पासून सुरू होतो. ९९९ व १,००० आणि ९९,९९९ व १,००,००० अशा जोड्या घेणाऱ्याने, शून्य आणि ऋण रक्कम न विसरणाऱ्याने, प्रश्न नीट वाचलेला असतो.

त्यानंतर फंक्शनमध्ये मुद्दाम बिघाड करून सर्व टेस्ट पुन्हा चालवाव्यात. माझ्या मते ही सर्वांत खरी परीक्षा आहे. सगळीकडे तीन-तीन अंकांचे गट पाडून पाहावेत, किंवा ऋण चिन्ह अंकांतच मोजू द्यावे, म्हणजे उणे शंभर हे ‘-,१००’ असे छापले जाईल. तरीही सर्व टेस्ट पास होत असतील, तर कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये चाललेल्या कोडच्या ओळींचे प्रमाण, १०० टक्के असूनही त्यांचा उपयोग नाही, कारण कव्हरेज केवळ ओळ चालली एवढेच सांगते. हेच काम जावासाठी पिट आणि पायथनसाठी म्यूटमट ही साधने आपोआप करतात, पण मुलाखतीपुरते दोन-तीन बिघाड हाताने केलेले पुरतात.

टेस्ट फेल झाल्यावर येणारा संदेशही वाचावा. ‘अपेक्षित १,००,०००, मिळाले १००,०००’ असे दिसले तर चूक तिथेच कळते. नुसते ‘फॉल्स’ आले तर पुढच्या माणसाला कोड उघडून शोधत बसावे लागते. अपेक्षित उत्तर फंक्शनमधल्याच तर्काने काढलेले असेल, तर ती टेस्ट धरू नये, कारण दोन्हीकडे एकच चूक होऊन ती लपते.

नवख्या उमेदवाराला टेस्टिंग फ्रेमवर्क (टेस्ट लिहिण्याचे व चालवण्याचे तयार साधन) येत नसेल, तर साध्या असर्टवर, म्हणजे अट खरी नसल्यास चूक दाखवणाऱ्या ओळीवर, भागवू द्यावे. शेवटी त्याला विचारावे, की यातली एक टेस्ट काढायची झाली तर कोणती काढाल आणि का. एआयकडून लिहून घेतलेल्या टेस्ट असल्या, तर उत्तर बहुधा इथेच अडखळते.